मोजणीतली माणसं

सकाळी सहाला सरपंचाचा कर्णा खाकरला आणि लसणाच्या रानातल्या बायकांनी माना वर केल्या.

आमच्या गावात कर्णा आधी खाकरतो, मग बोलतो. सरपंच प्यो गिल्सॉपला वाटतं, खाकरल्याबिगर बोललं तर माणसं ऐकत नाहीत. खरं सांगायचं तर खाकरल्यावरही ऐकत नाहीत. पण कर्णा बसवलाय गावच्या बैठकघराच्या माथ्यावर, आणि दोन्ही हात लसणात गुंतलेल्या बाईनं कान झाकायचे तरी कशानं? म्हणून सगळ्या गावाला ऐकावं लागतं.

"गावकऱ्यांनो, वरनं निरोप आलाय," कर्णा म्हणाला, "देशावर मंदीचं संकट हाय. देशाची तिजोरी रिकामी झालीया. तवा समद्यांनी पोटाला चिमटा घ्यायचा हाय."

"चिमटीत कातडं तर घावलं पायजे!" तोंगमाकवाली म्हणाली.

बायका हसल्या. मीही हसलो. मी गावचा गिरणीवाला, कू फान्सू. मे महिन्यात गिरणीला काम नसतं. मिरची यायची शरदात, भात त्याच्याही नंतर. मग शेजारधर्म म्हणून तोंगमाकवालीच्या रानात लसणाचे दांडे उपटायला जातो. लसणाच्या पोटातनं फुलाचा दांडा वर येतो, तो वेळेत ओढून काढला नाही तर खाली गड्डा भरत नाही. दांडा ओढायचा हळू. घाई केली की मध्येच तुटतो. हलक्या हातानं ओढला तर 'टुक्' असा आवाज होऊन तळापासून निघतो. आमच्या छुंगछोंग प्रांतातल्या माणसांना हे काम फार चांगलं जमतं, कारण आम्हाला कसलीच घाई नसते. आमच्याकडचा माणूस 'हो' म्हणायला सकाळ लावतो आणि 'नाही' म्हणायला पुरा पावसाळा.

तोंगमाकवाली तेवढी याला अपवाद. चाळीस वर्षांपूर्वी तोंगमाकहून लग्न होऊन आली, माहेरच्या गावाचं नाव तिला चिकटलं, आणि तिची जीभही तिकडचीच राहिली. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तिची रानं माझ्या बांधाला लागून. मी तिला वहिनी म्हणतो.

"तिजोरी रिकामी झाली म्हणं," ती दांडा ओढता ओढता म्हणाली. "भरल्याली हुती तवा कुणी आमाला दावली न्हाई. रिकामी झाल्यावर बरं सांगाया आले!"

"वहिनी, पण नवीन राष्ट्रपती आलाय न्हवं," मी म्हणालो. "कायतरी करंल की."

"करंल की. डॉक्टर बदलला म्हणून दुखणं लगेच जातंय व्हय? पयल्या डॉक्टरानं किती सुया टोचल्या हे मोजण्यातच याचं एक वर्ष जाईल."

पलीकडच्या ओळीत तिचा मुलगा इनग्यू वाकला होता. तो इंचॉनला पियानोच्या कारखान्यात होता, पाळ्या लावण्याच्या खात्यात. कोण कामगार कुठल्या पाळीला येणार, याचे तक्ते करायचा. मार्चमध्ये बायको-मुलीला घेऊन 'सुट्टीवर' आला. मार्च गेला, एप्रिल गेला, मेही अर्धा सरला, सुट्टी काही संपेना. ज्या वर्षी लोकांना भाताची भ्रांत, त्या वर्षी पियानो घेतो कोण? गावाला सगळं समजलं होतं. पण गाव विचारत नव्हतं. कुणी भेटलं की एवढंच म्हणायचं, "इनग्यू, चांगला मालक हाय बाबा तुजा, लई सुट्टी देतो." इनग्यू मान खाली घालून म्हणायचा, "हो काका, चांगला आहे." आणि दांडा मध्येच तोडायचा.

कर्णा पुन्हा खाकरला. पहिल्यापेक्षा जोरात. तेव्हाच मी ओळखलं, खरी बातमी आत्ता येणार.

"आनि दुसरी गोष्ट. बस कंपनीचं पत्र आलंय. डिझेल डबल झालं, माणसं बसत न्हाईत. वीस मेपास्नं तीन जूनपतूर मोजणी हाय. पंधरा दिवस. एका फेरीला सरासरी बारा माणसं भरली तर बस ऱ्हाईल. न्हाई भरली, तर पयल्या जुलैपास्नं बस बंद."

कुणी हसलं नाही. समुद्राकडनं वारा येत होता, त्यात तांबड्या मातीची धूळ होती. बायका कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

आमचं गाव म्हणजे रस्त्याचं टोक. इथनं पुढं फक्त समुद्र. बस दिवसातनं तीनदा येते, पिंपळाएवढ्या जुन्या झेल्कोवाच्या झाडाला वळसा घालून परत तालुक्याला जाते. संध्याकाळी नेलेल्यांना रात्री परत आणून सोडते. गावात चाळीस घरं आणि बहुतेक घरांत म्हातारी माणसं. गाड्या तीन, त्यातली एक सरपंचाची, ती चालण्यापेक्षा ढकलायलाच जास्त लागते.

आणि नोमी आजी. तिचं वय एकोणऐंशी. तिचा म्हातारा आदल्या शरदापासून तालुक्याच्या दवाखान्यात पडून होता. उजवं अंग गेलेलं, वाचा गेलेली. नर्सच्या हातनं तो घास घेत नसे. आजी रोज सकाळच्या बसनं भाताची पेज डब्यात घालून, डबा फडक्यात बांधून घेऊन जायची, दुपारपर्यंत बसायची, चमच्या-चमच्यानं भरवायची आणि परत यायची. एक दिवस चुकवला नव्हता. बस बंद म्हणजे तिचं काय, हे रानातल्या प्रत्येकाच्या मनात आलं. ती स्वतः बांधावर बसून दांड्यांच्या जुड्या बांधत होती. ती म्हणाली,

"बारा माणसं म्हंजी लई झाली गं. आमी तर दोघी-तिघीच असतो."

तोंगमाकवालीनं हातातली जुडी खाली टाकली. "बारा ना? मग बारा बसवू."

"आगं, पर जायाचं कुठं?"

"जायाचं कुठंबी न्हाई. निस्तं बसायचं."

त्या संध्याकाळी बैठकघरात सभा भरली. सरपंच म्हणाला, निवेदन देऊ. निवडणूक चार जूनला आहे, तालुकाप्रमुखाच्या जागेला दोघं उभे आहेत, दोघांनाही निवेदन देऊ.

"द्या की," तोंगमाकवाली म्हणाली. "मागल्या बारीला पानवठ्याचं दिलं हुतं. त्येच्या कागदात कुणीतरी सुका मासा बांधून न्हेला आसंल."

"मग तूच सांग काय करायचं ते!"

"पाळ्या लावायच्या."

ती हे बोलली आणि तिनं मुलाकडं बघितलं नाही. इनग्यू दाराशी बसला होता. मग तोच उठला, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर आखायला लागला. पंधरा दिवस, तीन फेऱ्या. कुणाचे गुडघे दुखतात, त्यांना दुपारची फेरी. कुणाला बस लागते, त्यांना पुढची जागा. कुणाच्या रानात दांडे जास्त आहेत, त्यांना संध्याकाळ. अर्ध्या तासात त्यानं अशी मांडणी केली की सरपंचानं चष्मा काढून पुसला आणि परत घालून बघितलं.

"ह्यो तर लष्कराचा नकाशा झाला!" सरपंच म्हणाला.

"आणि तिकीट?" कुणीतरी विचारलं.

"ज्यानं त्यानं दोन जुड्या दांडे न्यायचे," इनग्यू म्हणाला. "बसस्टँडवर भाजीसाठी विकायचे. तिकीट निघेल."

मार्चपासनं तो पहिल्यांदाच एका दमात एवढं बोलला होता.

वीस तारखेला बस आली तेव्हा पुढच्या सीटवर कंपनीचा माणूस बसला होता. आडनाव हो, म्हणून हो साहेब. वय पन्नाशीचं, कोटाच्या बाह्या झिजलेल्या, हातात माणसं मोजायचं टिकटिकणारं यंत्र. चढणाऱ्या प्रत्येक माणसामागं एकदा टिक्. त्या सकाळी बारा वेळा टिक् झालं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं, मग मागं वळून बघितलं. "कुणाचं लग्न हाय का?"

"व्हय," तोंगमाकवाली म्हणाली. "तुजंच हाय, कुणी सांगितलं न्हाई का तुला?"

चार दिवस ठीक गेले. पाचव्या दिवशी संध्याकाळी हो साहेबानं यंत्र मांडीवर ठेवलं आणि सरपंचाच्या थोरल्या वहिनीला विचारलं, "आजी, तुम्ही सकाळी गेलात. दुपारी परत आलात. आता पुन्हा कुठं?"

"कायतरी इसरले बघा तालुक्याला."

"काय विसरलात?"

"त्येच आठवाया चाललीया."

बस हसली. हो साहेब नाही हसला. त्यानं खिडकीबाहेर बघितलं. मी त्याच्या मागेच होतो. म्हटलं आता हा वहीत लिहिणार की माणसं खोटी आहेत. बऱ्याच वेळानं तो हळू आवाजात, जणू खिडकीशीच बोलला.

"नियमात एवढंच लिहिलंय, तिकीट काढून बसला तो प्रवासी. का बसला ते विचारायचं लिहिलेलं नाही." मग जरा थांबून म्हणाला, "ही मोजणी झाली की कंपनी ऑफिसातली माणसंही मोजणार आहे. मीही त्यात आहे."

तोंगमाकवालीनं पिशवीतनं उकडलेलं रताळं काढलं आणि त्याच्या मांडीवर, त्या यंत्राशेजारी ठेवलं.

आता गंमत पुढंच आहे. निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांना माणसं कुठं जमलीत याचा वास लगेच लागतो, मुंगीला काकवीचा लागतो तसा. गावोगाव गल्ल्या ओस, सगळे रानात. आणि एक बस मात्र दिवसातनं तीनदा म्हाताऱ्या मतदारांनी गच्च भरून धावते! सहाव्या दिवशी मेंग साहेब चढले. आधीचेच तालुकाप्रमुख ते. पांढरे हातमोजे, छातीवर नावाचा पट्टा. प्रत्येक सीटपुढं कंबरेत असे वाकले की बस वळली तेव्हा डोकं लोखंडी दांड्यावर आपटलं.

हो साहेबानं टिक् केलं. त्यांच्याबरोबर तीन माणसं होती. टिक्, टिक्, टिक्.

"आजी, मी मेंग."

"व्हय का," नोमी आजी म्हणाली.

"समुद्राचा बांध आपणच बांधला."

"बांध हाय खरा."

"मग यंदाही लक्ष असू द्या."

"लक्ष काय, असतंयच की."

मेंग साहेब माझ्याजवळ आले, कानात विचारलं, "गिरणीवाले, हे 'हो' झालं का 'नाही' झालं?"

"साहेब, माझा जल्म इथंच गेला," मी म्हणालो, "मलाबी अजून वळखाया येत न्हाई."

तोंगमाकवालीनं त्यांना शेजारी जागा करून दिली. "साहेब, बसचं काय?"

"बस खाजगी कंपनीची आहे, बाई. मंदी आहे. पण मी निवडून आलो की लगेच समिती नेमतो."

"समिती बघाया येणार कशानं? बसनं का चालत?"

मेंग साहेबांनी हातमोजे नीट केले आणि पुढच्या सीटपुढं वाकायला गेले.

"बघ गं," तोंगमाकवाली मागं वळून म्हणाली, "निवडून येईस्तवर वाकत्यात, निवडून आल्यावर वाकवत्यात."

मेंग साहेब बसमध्ये बसले हे कळल्यावर दुसरे उमेदवार ब्यॉन साहेब मागं राहतात काय? दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीला ते चार माणसं घेऊन चढले. ब्यॉन साहेबांचा बंदरावर बर्फाचा कारखाना. माणूस गुळगुळीत, आवाज मोठा.

"मायबाप हो, मी उद्योगपती आहे. मंदीला कसं हरवायचं ते मला विचारा! पुढारी नुसतं बोलतात. मी करून दाखवतो. माझा कारखाना बघा, एवढ्या मंदीतही चालू आहे!"

"मानसं किती हायती?" तोंगमाकवालीनं विचारलं.

"आधी साठ होती. आता चौतीस. आम्ही पुनर्रचना केली."

"म्हंजी काय केली?"

"म्हणजे... अनावश्यक भार कमी केला."

इनग्यू मागच्या सीटवर होता. त्या दिवशी त्याचीच पाळी होती. तो खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर रताळ्याचे वेल लावलेले वाफे मागं पडत होते. माझं लक्ष तोंगमाकवालीकडं. तिचा आवाज एकदम खाली आला, आणि तिचा आवाज खाली आला की आम्हाला भीती वाटते.

"आमी रानात तेला खुरपणी म्हणतो, साहेब," ती म्हणाली. "पर आमी तण काढतो. पीक काढून बांधावर टाकत न्हाई."

ब्यॉन साहेब पुढच्या थांब्यावर 'तातडीची सभा' आठवून उतरले. त्यांची चार माणसंही उतरली. पण मोजून झाली होती!

त्या संध्याकाळी रानातनं परतताना इनग्यू आईच्या मागनं चालत होता. मी पुढं होतो, पण वाऱ्यावर बोलणं येत होतं.

"आई, तुला कधीपासून माहीत आहे?"

"काय?"

"माझं काम गेलंय ते."

"तू आलास त्या दिशीच. तुज्या पेटीत हिवाळ्याचा जाड कोट हुता. मार्चात सुट्टीवर येणारा मानूस पुढल्या डिशेंबरचा कोट आणतोय व्हय?"

"मग विचारलं का नाहीस?"

"दांडा घाईनं वढला की तुटतोय." तिनं हातातली जुडी त्याच्या हातात दिली. "जेवाया चल. तुज्या बायकुनं किमची खारट केलीया, पर तू चांगली म्हण."

पुढच्या आठवड्यात तर नवलच झालं. मेंग साहेब दिसले की ब्यॉन साहेबांची माणसं चढायची, ब्यॉन साहेबांची माणसं दिसली की मेंग साहेबांची चढायची. एका दुपारी दोन्ही गट एकाच बसमध्ये. एक डावीकडं वाकतोय, एक उजवीकडं. बस डुगडुगायला लागली. ड्रायव्हर ओरडला, "साहेब, एका बाजूला वाका न्हाईतर गाडी खड्ड्यात जाईल!" नोमी आजी म्हणाली, "देशबी आसाच गेला आसंल." आजी फार कमी बोलायची, पण त्या दिवशी ती बोलली आणि हो साहेबसुद्धा तोंडावर वही धरून हसला.

आमच्या बायकांना मात्र वेगळाच नाद लागला. बसस्टँडवर नेलेले दांडे हातोहात जायला लागले. शहरातल्या बायकांना मंदीत मोठ्या दुकानातलं परवडेना. त्या ताज्या जुड्या बघून थांबायच्या, भाव करायच्या, गप्पा मारायच्या. कुणी गावची उकडलेली रताळी मागितली, कुणी लोणच्याचा लसूण. कालपर्यंत तालुक्याला डॉक्टर आणि मयतीशिवाय न जाणाऱ्या बाया आता पाळी नसतानाही चढायला लागल्या. इनग्यूच्या तक्त्यावर भांडणं! "माजी बुधवारची पाळी हिनं कशी घेतली?" सरपंचानं कर्ण्यावरनं सांगितलं, "पाळीबिगर कुणी बसू नये," आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच टोपलीभर अंडी घेऊन चढला.

एकतीस मेच्या सकाळी नोमी आजी रोजच्यासारखी पेज घेऊन गेली आणि दुपारच्या बसनं परत आली नाही.

संध्याकाळी सरपंचाचा कर्णा खाकरला नाही. सरळ बोलला. म्हातारा गेला.

तीन दिवस गाव तिच्या अंगणात होतं. आम्ही बांबू बांधले, बायकांनी हंडे चढवले. दोन्ही उमेदवार आले. दोघंही तसबिरीपुढं कपाळ टेकून वाकले. मेंग साहेब रडले. मग ब्यॉन साहेब जास्त रडले. म्हाताऱ्याला दोघांपैकी कुणीच जिवंतपणी बघितलं नव्हतं. सरपंच माझ्या कानात कुजबुजला, "काय कळा हायती बघ यांच्या." नोमी आजी कोपऱ्यात पांढऱ्या कपड्यात बसली होती. तिला ते ऐकू गेलं असावं.

"रडू दे बाबा," ती म्हणाली. "खोटंबी आसंल, पर तेवडाच आवाज झाला. म्हातारा सात म्हयने निवांतच पडला हुता."

या तीन दिवसांत मोजणीचं भान कुणाला राहणार? दोन जूनला सकाळच्या फेरीला चार माणसं बसली. इनग्यूनं दवंडी दिली, पण रात्रभर जागलेल्या म्हाताऱ्यांना उभं राहवेना. तीन जूनला सकाळी म्हाताऱ्याला टेकडीवर ठेवून आलो. पाऊस लागला होता. गेले दोन महिने वाट बघायला लावून त्यानं नेमका तोच दिवस गाठला. तांबडा चिखल गुडघ्याला लागला होता. सकाळची, दुपारची फेरी जवळजवळ रिकामी गेली. प्रचाराचा शेवटचा दिवस, उमेदवार तालुक्याच्या चौकात ओरडत होते, त्यांना आता बसची गरज नव्हती.

इनग्यू कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिल घेऊन बसला होता. त्यानं तीनदा हिशेब केला. "संध्याकाळच्या फेरीला अठरा माणसं लागतील," तो म्हणाला. "सतरा झाली तरी सरासरी बाराच्या खाली."

तोंगमाकवाली उठली. अंत्यविधीचे चिखलाचे पाय तसेच. घरोघर गेली. दारावर थाप मारायची आणि एवढंच म्हणायची, "उटा." कुणाला काही समजावलं नाही. पाच वाजता झेल्कोवाच्या झाडाखाली छत्र्या जमल्या. सरपंच, त्याची वहिनी, दोन गुडघेदुख्या, इनग्यूची बायको आणि मुलगी, मी. बस आली. हो साहेबानं मोजायला सुरुवात केली. टिक्, टिक्. पावसानं भिजलेली माणसं एकेक चढत होती. सतराला येऊन यंत्र थांबलं.

झाडाखाली कुणी नव्हतं. ड्रायव्हरनं घड्याळ बघितलं, पण गिअर टाकला नाही. हो साहेबानं यंत्रावरचा अंगठा हलवला नाही. त्याला खोटं टिक् करता आलं असतं. कुणी बघितलं नसतं, आणि त्याच्या मनात ते आलंही असणार. पण त्यानं केलं नाही. तसा माणूस होता तो.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला पांढरं काहीतरी हललं. नोमी आजी. पांढरा सुतकी पोशाख, वर प्लास्टिकचा कागद पांघरलेला, हातात काठी. चिखलातनं एकेक पाऊल उचलत येत होती. इनग्यू उडी मारून उतरला, तिला धरून वर चढवली.

"आजे, तू कशाला गं आलीस?" तोंगमाकवालीचा आवाज फाटला. "आज तरी निजायचं हुतंस."

आजीनं दाराजवळचा दांडा धरला, दम खाल्ला.

"सात म्हयने माज्यासाठी ही बस आली," ती म्हणाली. "आज बसला माणूस कमी पडाया नगं."

हो साहेब उभा राहिला. डोकं खाली केलं. मग अंगठा दाबला. टिक्.

तालुक्याला उतरलो, स्टँडसमोरच्या दुकानात आजीला गरम रश्शातल्या शेवया खाऊ घातल्या. तिनं सगळा वाडगा संपवला, रस्साही प्याली. मग ओठ पुसून म्हणाली, "लई दिसांनी दुसऱ्याच्या हातचं खाल्लं." आणि तेव्हा कुठं रडली.

दुसऱ्या दिवशी मतदान झालं. ब्यॉन साहेब थोडक्या मतांनी निवडून आले. आमच्या गावानं कुणाला दिली? विचारू नका. मला माझंच नीट सांगता येणार नाही.

जूनच्या शेवटाला कंपनीचं पत्र आलं. सरासरी भरली म्हणून सकाळची आणि संध्याकाळची फेरी राहणार, पण डिझेलपायी दुपारची बंद. सरपंचानं कर्ण्यावरनं ते तीनदा वाचलं, प्रत्येक वेळी खाकरून. हो साहेबाचं काम मात्र गेलं. पुढच्या बाजाराला तो साध्या कपड्यात बसमध्ये दिसला, पिशवी घेऊन. तोंगमाकवालीनं त्याला शेजारी बसवलं. आता तो स्टँडवर आमच्या बायकांचा लसूण विकतो. मोजायला पक्का आहे, एक पाकळी इकडची तिकडं होत नाही.

जुलैत ब्यॉन साहेब आभाराला आले. मोटारीतनं. बैठकघरापुढं उभे राहून म्हणाले, "मंदीच्या काळात या गावची बस मी वाचवली!"

माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडं टाळ्या वाजवायला काही लागत नाही. सरपंचानं खाली मान घालून हसू दाबलं. साहेब खुश झाले आणि पुढच्याच ओळीत बसलेल्या नोमी आजीपुढं वाकले.

"आजी, अजून काय करू सांगा."

आजीनं विचार केला. आमच्या भागात विचार करायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला.

"कायबी नगं," ती म्हणाली. "थांब्यावर बसायला एक फळी टाका. वाट बघायची सवय हाय आमाला. आजवर उभ्यानं बघितली. आता तुमी निवडून आलाय, तर बसून बघू."

साहेबांनी तिथल्या तिथं वहीत लिहून घेतलं. आठवड्याभरानं इनग्यूनं माझ्या गिरणीचं जुनं दार काढलं, रंधा मारला आणि झेल्कोवाच्या झाडाखाली चार खुंट्यांवर ठोकून दिलं. दोन म्हाताऱ्या ऐसपैस बसतात, तिसरी थोडं सरकून.

साहेबांचं बाकडं दोन वर्षांनी आलं. सिमेंटचं, चांगलं भक्कम, पाठीवर त्यांचं नाव मोठ्या अक्षरात. उन्हात ते फार तापतं. बायका इनग्यूच्या फळीवर बसतात आणि साहेबांच्या बाकड्यावर लसूण वाळत घालतात.